विलायती विनोद, खान्देशी नजर

जळगाव किंवा धुळ्यातील कोणत्याही घरात 'मिस्टर बीन' हे नाव घेतले, तर ओळख करून द्यावी लागत नाही. २००४ साली सुरू झालेल्या पोगो वाहिनीने तपकिरी कोटातल्या या विचित्र गृहस्थाला मुलांच्या आवडीतून थेट आजी-आजोबांच्या आवडीपर्यंत पोहोचविले. रोवन अ‍ॅटकिन्सन यांची ही मूळ मालिका १९९० ते १९९५ या काळात झाली आणि तिचे भाग अवघे पंधरा. बीन फारसा बोलतच नाही, त्यामुळे त्याला ना दुभाष्या लागला, ना खालच्या अक्षरओळी. इंग्लंडमध्ये जसा तो हसवतो तसाच एरंडोलमध्येही हसवतो.

गंमत अशी, की ज्या देशाने हा मुका बीन घडविला, त्या देशाचा टीव्हीवरील बहुतेक सगळा विनोद भाषेवर उभा आहे. कोण कोणत्या उच्चारात बोलतो, कोण आपली मूळ बोली लपवतो, कोणाचा हुद्दा मोठा आणि अक्कल छोटी, यांवर गेली साठ वर्षे इंग्रज हसत आले आहेत. घरात 'शे' आणि कचेरीत 'आहे' म्हणणाऱ्या अहिराणी भाषकाला हा विषय काही नवा नाही. म्हणूनच बीनच्या पुढे जाऊन ब्रिटिश विनोदाचा हा मोठा साठा धुंडाळण्याची सर्वाधिक पात्रता कोणाकडे असेल, तर ती खान्देशी प्रेक्षकाकडे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

मराठी माणसाचा या परंपरेशी संबंध तसा जुनाच. पु. ल. देशपांडे १९५० च्या दशकात दूरचित्रवाणीचे तंत्र शिकण्यासाठी लंडनला बीबीसीत गेले होते आणि त्या प्रवासातूनच 'अपूर्वाई' जन्माला आली. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले. चिं. वि. जोशी यांच्या कथांवरील चिमणराव आणि गुंड्याभाऊ त्याच दशकात पडद्यावर अवतरले, तेव्हा दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे या जोडीने साकारलेला विनोद प्रकृतीने इंग्रजी विनोदाच्या बराच जवळचा होता. मोठेपणाचा आव आणणारा, आतून भित्रा आणि तरीही प्रेमात पाडणारा मध्यमवर्गीय पुरुष हे दोन्हीकडचे आवडते पात्र. १९८४ नंतर दूरदर्शनचे जाळे जिल्ह्याच्या गावांपर्यंत पसरले, पुढच्या दशकात केबल आली आणि खान्देशातील घरांना विलायती मालिकांचे तुकड्यातुकड्यांनी दर्शन होऊ लागले.

साहेब आणि मंत्री

सुरुवात कोठून करावी, या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात द्यायचे तर 'येस मिनिस्टर'. अँटनी जे आणि जोनाथन लिन या दोन लेखकांची ही मालिका बीबीसीवर फेब्रुवारी १९८० मध्ये सुरू झाली. १९८६ ते १९८८ या काळात तिचाच पुढचा भाग 'येस, प्राइम मिनिस्टर' आला. दोन्ही मिळून भाग अडतीस. जिम हॅकर हा नवा मंत्री प्रशासकीय व्यवहार खात्यात येतो. त्याला काहीतरी करून दाखवायचे असते. सर हम्फ्री हे त्याचे सचिव, आणि काहीही होऊ न देणे हीच सचिवांची राष्ट्रसेवा. या दोघांमध्ये बर्नार्ड हा खासगी सचिव. प्रामाणिक, सुसंस्कृत आणि व्याकरणाच्या चुका काढण्याची खोड असलेला.

मालिकेतील अधिकारी मंत्र्याला कधीही 'नाही' म्हणत नाहीत. ते 'होय' म्हणतात आणि मग समिती नेमतात. हम्फ्री यांची वाक्ये इतकी लांब आणि इतकी निर्दोष असतात, की शेवटापर्यंत पोहोचेतो मंत्री प्रश्न विसरतो. ज्याने कधी शासन निर्णयाची प्रत सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचली आहे, त्याला ही वाक्यरचना लगेच ओळखू येईल. १९८१ मधील एका भागात एक नवेकोरे रुग्णालय आहे. तेथे पाचशे कर्मचारी आहेत, विभाग आहेत, बैठका आहेत, फक्त रुग्ण एकही नाही. आणि हे रुग्णालय देशातील सर्वोत्तम चालणाऱ्या रुग्णालयांपैकी एक आहे, असे हम्फ्री अत्यंत गंभीरपणे मंत्र्याला पटवून देतात. रुग्ण नसल्यामुळे स्वच्छता उत्तम राहते, हे त्यांच्या युक्तिवादाचे सार.

ही मालिका धुळ्याला परकी वाटू नये याला इतिहासाचेही कारण आहे. १८१८ मध्ये पेशवाई संपली, खान्देश इंग्रजांच्या ताब्यात गेला आणि धुळे हे कारभाराचे मुख्य ठाणे झाले. १९०६ मध्ये पूर्व आणि पश्चिम खान्देश असे दोन जिल्हे पडेपर्यंत तापीच्या दोन्ही काठांचा कारभार येथूनच चाले. आवक-जावक नोंद, टिपणी, शेरा, 'योग्य त्या कार्यवाहीसाठी सविनय सादर' ही सारी कचेरीची रीत त्याच राज्यकर्त्यांनी येथे रुजविली. हम्फ्री ज्या यंत्राचे लंडनमधील टोक आहेत, त्याचेच दुसरे टोक जिल्ह्याच्या कचेरीत होते. मार्गारेट थॅचर या मालिकेच्या एवढ्या चाहत्या होत्या, की १९८४ मध्ये त्यांनी मूळ नटांसोबत एक छोटा प्रसंग स्वतः सादर केला. राज्यकर्त्यांना हा विनोद आवडावा, हे कौतुक की धोक्याची खूण, हे वाचकांनी ठरवावे.

२००१ मध्ये स्टार प्लसने याची हिंदी आवृत्ती 'जी मंत्रीजी' या नावाने काढली. फारुख शेख मंत्री झाले, जयंत कृपलानी सचिव. दोघेही कसलेले नट, तरीही ही आवृत्ती मूळ मालिकेइतकी रुजली नाही. दिल्लीच्या कारभाराचे चित्र बरोबर होते. परंतु हम्फ्री यांचे शस्त्र असलेली इंग्रजी जशीच्या तशी हिंदीत उतरणे अवघड होते. भाषा बदलली की सत्ता कोणाच्या तोंडी आहे हेही बदलते.

अडकलेली माणसे

ब्रिटिश विनोदी मालिकांचा पाया रचला गेला तो १९६२ मध्ये, 'स्टेप्टो अँड सन' या मालिकेने. लेखक रे गॅल्टन आणि अ‍ॅलन सिम्पसन. लंडनमध्ये घोडागाडी हाकत घरोघरचे भंगार गोळा करणारे बाप-लेक ही यातील मुख्य पात्रे. मुलगा चाळिशीकडे झुकलेला, त्याला पुस्तके वाचायची आहेत, चांगले कपडे घालायचे आहेत, या अंगणातून बाहेर पडायचे आहे. बाप त्याला कधी आजाराचे सोंग करून, कधी टोमणे मारून, तर कधी खरोखरच केविलवाणा होऊन अडकवून ठेवतो. हसता हसता प्रेक्षकाच्या घशात काहीतरी अडकते. या मालिकेची लोकप्रियता अशी, की १९६४ च्या निवडणुकीत मतदानाच्या संध्याकाळी ती दाखविली तर आपले मतदार घराबाहेर पडणार नाहीत, या भीतीने मजूर पक्षाचे नेते हॅरॉल्ड विल्सन यांनी बीबीसीकडे धाव घेतली आणि तिची वेळ पुढे ढकलली गेली.

हे अडकलेपण पुढच्या जवळजवळ प्रत्येक मोठ्या मालिकेत आहे. अमेरिकी विनोदी मालिकेतील माणसे बहुधा मित्रांच्या घोळक्यात सुखी असतात. इंग्रजी मालिकेतील माणसे जेथे आहेत तेथून निघू इच्छितात आणि निघू शकत नाहीत. 'पॉरिज' (१९७४ ते १९७७) तर प्रत्यक्ष तुरुंगातच घडते. 'फॉल्टी टॉवर्स'चा बेसिल स्वतःच्याच हॉटेलात कैद आहे.

'फॉल्टी टॉवर्स'चे सहा भाग १९७५ मध्ये आणि सहा १९७९ मध्ये प्रसारित झाले. बस्स, एकूण बारा. 'चार दिवस सासूचे' या मराठी मालिकेने तीन हजारांहून अधिक भाग केले हे लक्षात घेता, बारा भागांच्या जोरावर पन्नास वर्षे टिकून राहणे म्हणजे काय, हे ध्यानात येईल. जॉन क्लीज आणि कॉनी बूथ या दोघांनीच ती लिहिली. समुद्रकाठच्या टॉर्की गावातील हॉटेलचा मालक बेसिल याला हॉटेल हवे आहे. फक्त त्यात येणारी गिऱ्हाइके नको आहेत. पाहुण्याची पदवी मोठी दिसली की तो वाकतो, लहान दिसली की खेकसतो, आणि प्रत्येक वेळी त्याचा अंदाज चुकतो. प्रत्येक भागात एक छोटे खोटे बोलले जाते आणि ते झाकण्यासाठी दुसरे. अर्ध्या तासात सगळा डोलारा कोसळतो. रचनेचा इतका घट्ट वीण असलेला फार्स टीव्हीवर क्वचितच झाला असेल.

'डॅड्स आर्मी' (१९६८ ते १९७७, भाग ऐंशी) त्या मानाने मवाळ. दुसऱ्या महायुद्धात, जर्मन आक्रमणाच्या भीतीने वृद्ध आणि अननुभवी पुरुषांची गृहरक्षक तुकडी उभारली जाते. बँकेचा व्यवस्थापक मेनवेरिंग आपोआप कॅप्टन होतो, त्याचा हाताखालचा कारकून विल्सन सार्जंट. खोच अशी, की हाताखालचा विल्सन उच्चकुलीन आहे, त्याचे बोलणे सफाईदार आहे. आणि साहेब मेनवेरिंग कष्टाने वर आलेला, त्यामुळे कायम धास्तावलेला. एका प्रसंगी पकडलेला जर्मन अधिकारी, युद्ध जिंकल्यावर शिक्षा करण्यासाठी नावे टिपून घेत असतो. पोरसवदा पाइक त्याची टर उडवतो. तो नाव विचारतो. सांगू नकोस, असे ओरडताना कॅप्टनसाहेब स्वतःच पोराचे नाव घेऊन मोकळे होतात. गावातील कोणत्याही पतपेढीच्या वार्षिक सभेला हजर राहिलेल्या माणसाला मेनवेरिंग परिचयाचा वाटेल.

गरिबीतून सुटण्याची धडपड पाहायची तर 'ओन्ली फूल्स अँड हॉर्सेस' (१९८१ ते २००३). दक्षिण लंडनच्या पेकम भागातील डेल बॉय हा फुटपाथवरचा विक्रेता पुढच्या वर्षी आपण लक्षाधीश होणार, असे दरवर्षी सांगतो. १९८२ मधील एका भागात ही मंडळी श्रीमंताच्या वाड्यातील मौल्यवान झुंबर काढून देण्याचे काम घेतात. डेल आणि त्याचा धाकटा भाऊ शिडीवर चढून झुंबराखाली चादर ताणून उभे. वर आजोबा पेच सैल करीत आहेत. झुंबर पडते. फक्त ते शेजारचे असते. हा प्रसंग शब्दांत सांगून त्याची मजा येत नाही. डेल आणि रॉडनी यांच्या चेहऱ्यांसाठी तो पाहावा. १९९६ च्या नाताळात या मालिकेचा एक भाग ब्रिटनमध्ये २ कोटी ४३ लाख लोकांनी पाहिला.

'ब्लॅकअ‍ॅडर' (१९८३ ते १९८९) पहिल्या आवर्तनात चाचपडते, त्यामुळे दुसऱ्यापासून पाहावी. मिस्टर बीनमुळे ज्यांना अ‍ॅटकिन्सन केवळ मुका नट वाटतो, त्यांना येथे त्यांच्या जिभेची धार दिसेल. चौथे आवर्तन पहिल्या महायुद्धातील खंदकांत घडते. त्याचा शेवट आजवरच्या विनोदी मालिकांतील सर्वांत गंभीर शेवट असून तो कोणी आधी सांगू नये. 'माँटी पायथन्स फ्लाइंग सर्कस' (१९६९ ते १९७४) मात्र सर्वांना झेपेल असे नाही. ज्याला आवडते त्याला वेड लागते. ज्याला आवडत नाही त्याने अपराधी वाटून घेण्याचे कारण नाही.

कोण कोणाच्या भाषेला हसतो

विनोदाच्या या जत्रेत एक प्रश्न मात्र टाळता येत नाही, आणि भारतीय प्रेक्षकाने तो टाळूही नये. १९७७ मध्ये सुरू झालेली 'माइंड युअर लँग्वेज' ही मालिका भारतात अतोनात लोकप्रिय झाली. लंडनच्या रात्रशाळेत इंग्रजी शिकायला आलेले परदेशी विद्यार्थी आणि त्यांचे सालस शिक्षक ब्राउन, एवढाच तिचा विषय. वर्गात पगडीधारी शीख रणजित आहे, पाकिस्तानी अली आहे, विणकाम करीत बसणारी जमीला आहे. प्रत्येकाला एक-एक लकब दिली आहे आणि विनोद त्या लकबीवर. हसू येते, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु हसणाऱ्याच्या लक्षात येत नाही, की पडद्यावर ज्याची टर उडते आहे तो आपणच आहोत. ब्रिटनमध्ये या मालिकेवर तेव्हाच टीका झाली आणि १९७९ नंतर वाहिनीने ती थांबविली; १९८६ मध्ये तिचे थोडके पुनरुज्जीवन झाले, तेवढेच.

या मालिकेवर बेतलेली 'जबान संभाल के' १९९३ मध्ये दूरदर्शनवर आली आणि हा पेच तिने चतुराईने सोडविला. येथे शिकवायची भाषा हिंदी, शिक्षक पंकज कपूर आणि वर्गात देशाच्या कानाकोपऱ्यातील विद्यार्थी. इंग्रज विद्यार्थी झाले टॉम ऑल्टर! विजू खोटे यांनी विठ्ठल बापूराव पोटे हा मराठी गडी उभा केला, तर संस्थेच्या करड्या प्रमुख बाई झाल्या त्यांच्या भगिनी शुभा खोटे. लकबींवरचा विनोद येथेही आहेच. मात्र ज्याला त्याला आपली पाळी येते, इंग्रजालाही येते. एवढ्याने खेळाचा तोल बदलतो.

खरे उत्तर दिले ते ब्रिटनमधल्याच दक्षिण आशियाई कलाकारांनी. संजीव भास्कर, मीरा स्याल, कुलविंदर घीर आणि नीना वाडिया यांची 'गुडनेस ग्रेशस मी' ही मालिका रेडिओवरून १९९८ मध्ये बीबीसी दूरचित्रवाणीवर आली. तिच्यातील एक प्रसंग अभ्यासक्रमात लावण्याजोगा आहे. रात्री उशिरा दारू पिऊन इंग्रज टोळकी भारतीय उपाहारगृहात शिरतात, वाढप्याच्या नावाची मोडतोड करतात आणि सर्वांत तिखट पदार्थ मागवून फुशारकी मारतात, ही तिकडची रूढ गोष्ट. येथे ती उलटविली आहे: भारतीय टोळके मुंबईतील इंग्रजी उपाहारगृहात जाते, वाढप्याच्या इंग्रज नावाची वाट लावते आणि सर्वांत मिळमिळीत पदार्थ कोणता, अशी चौकशी करते. खान्देशी शेवभाजी आणि काळ्या मसाल्यावर वाढलेल्या माणसाला याचे मर्म समजावून सांगण्याची गरज नाही.

याच्या उलट टोकाला अ‍ॅल्फ गार्नेट. 'टिल डेथ अस डू पार्ट' (१९६५ ते १९७५) या मालिकेतील हा बंदरावरचा कामगार परप्रांतीय, परधर्मी, तरुण, स्त्रिया अशा सर्वांवर तोंडसुख घेतो. लेखक जॉनी स्पाइट यांना त्याच्या अडाणीपणावर हसायचे होते. प्रेक्षकांपैकी अनेक जण मात्र तो आपल्या मनातलेच बोलतो म्हणून टाळ्या वाजवू लागले. विनोदाचा बाण कोणत्या दिशेने सुटला हे केवळ लेखकाच्या हाती राहत नाही, याचे यापेक्षा चांगले उदाहरण शोधावे लागेल.

आणि मग हायसिंथ बाई. 'कीपिंग अप अपिअरन्सेस' (१९९० ते १९९५) मधील या गृहिणीचे आडनाव बकेट, म्हणजे बादली. ती मात्र त्याचा उच्चार 'बुके' असा करते आणि सर्वांनी तसाच करावा असा तिचा हट्ट असतो. पातळ चिनी मातीच्या कपांत चहा देताना शेजारणीचे हात थरथरतात, टपालवाला तिच्या दारी यायला घाबरतो, आणि ऐन मेजवानीत तिच्या बहिणीचा गबाळा नवरा बनियन घालून हजर होतो. पॅट्रिशिया रूटलेज यांनी रंगविलेली ही बाई खान्देशात ओळखीची निघेल. पुण्याचे पाहुणे आले की घरातील अहिराणी अचानक बंद होते, 'माय'ची 'आई' होते आणि गावाकडचा काका मोठ्याने बोलू लागला की सर्वांना एकदम चहाची आठवण होते. रूटलेज यांचे २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये निधन झाले. मालिका पाहताना तिरस्काराऐवजी त्या बाईची दया येऊ लागते, ही त्यांच्या अभिनयाची खरी किमया.

बीबीसीने सुरुवातीची अनेक वर्षे दक्षिण इंग्लंडच्या सुशिक्षितांचा उच्चार हाच प्रमाण मानला. बोली बोलणारी पात्रे नोकर, चोर किंवा विदूषक. 'स्टेप्टो'पासून हे बदलू लागले आणि आज तर उलटीच तऱ्हा आहे. 'डेरी गर्ल्स' (२०१८ ते २०२२) ही उत्तर आयर्लंडमधील शाळकरी मुलींची मालिका इतक्या ठसकेबाज स्थानिक बोलीत आहे, की खुद्द इंग्लंडमधील प्रेक्षकांनी अक्षरओळी लावून ती पाहिली. रस्त्यावर सैनिकांची तपासणी, पुलावर बॉम्ब, आणि मुलींची चिंता मात्र सहल चुकण्याची. लेखिका लिसा मक्गी याच गावात वाढल्या. त्यांनी बोली सौम्य केली नाही आणि जगाने ती समजून घेतली.

हे खान्देशात घडले का? मराठी वाहिन्यांवर अहिराणी आली ती बहुधा एखाद्या नोकराच्या किंवा गावठी पाहुण्याच्या तोंडी. लेवा बोलीचे सामर्थ्य आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांच्या कवितेने १९५२ मध्येच सिद्ध केले होते. परंतु पडद्याने त्यापासून फारसे काही घेतले नाही. जे घडले ते वाहिन्यांच्या बाहेर, धुळ्याहून आग्रा रस्त्याने तासाभरावर असलेल्या मालेगावात. जिल्हा नाशिक असला, तरी या गावाचा व्यवहार आणि बोलीची सरमिसळ खान्देशाशी जोडलेली. व्हिडिओ पार्लर चालविणाऱ्या नासिर शेख यांनी २००० मध्ये, यंत्रमाग कामगारांना नट करून 'मालेगाव के शोले' काढला. घोड्यांच्या जागी सायकली आल्या. पुढे फैझा अहमद खान यांच्या 'सुपरमेन ऑफ मालेगाव' (२००८) या माहितीपटाने ही मंडळी जगापुढे आणली आणि २०२५ मध्ये रीमा कागती यांचा 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' हा चित्रपट प्रदर्शित झाला. शेख यांनी सब टीव्हीसाठी केलेली 'मालेगाव का चिंटू' ही संवादाविना मालिका तर सरळ बीनच्या कुळातली. सीडीच्या जमान्यात 'खान्देश' हा शब्द नावात घेऊन निघालेल्या विनोदी चित्रफिती आता यूट्यूबवर 'छोटू दादा'च्या रूपाने कोट्यवधी वेळा पाहिल्या जातात. त्यांचा दर्जा सर्वत्र सारखा नाही, बुटकेपणावरचा विनोद अनेकदा खटकतो. पण बोली लपविलेली नाही, हे त्यांचे वेगळेपण मान्य करावेच लागते.

नव्या मालिकांतील निवड

२००१ मध्ये आलेल्या 'द ऑफिस'ने विनोदी मालिकेतून पार्श्वभूमीचे हसणे काढून टाकले. स्लाउ गावातील कागद विकणारी कंपनी, तेथे माहितीपट चित्रित होत असल्याची बतावणी, आणि आपण फार विनोदी आहोत अशा भ्रमात असलेला साहेब डेव्हिड ब्रेंट. रिकी जर्वेस आणि स्टीफन मर्चंट यांनी नाताळचे दोन विशेष भाग धरून चौदा भागांत ती आटोपली. अमेरिकेने तिची लांबलचक आवृत्ती काढली, भारतातही २०१९ मध्ये हॉटस्टारवर तिचे हिंदी रूप आले. मूळ मालिका मात्र अधिक बोचरी. साहेबाच्या विनोदाला नाइलाजाने हसणारे चेहरे येथे जितके खरे आहेत तितके अन्यत्र नाहीत. 'द थिक ऑफ इट' (२००५ ते २०१२) म्हणजे हम्फ्री यांच्या कारभाराचे शिवराळ युग. घरात लहान मुले असतील तर आवाज बंद ठेवावा लागेल आणि मग पाहण्यात काही उरणार नाही. 'फ्लीबॅग' (२०१६ ते २०१९) ही फीबी वॉलर-ब्रिज यांची बारा भागांची मालिकाही प्रौढांसाठीच, आणि ती एकट्याने पाहण्याची आहे.

या सगळ्यांत सर्वांत शांत आणि कदाचित सर्वांत देखणी मालिका म्हणजे 'डिटेक्टरिस्ट्स' (२०१४ ते २०१७, नंतर २०२२ मध्ये एक विशेष भाग). 'द ऑफिस'मध्ये गॅरेथची भूमिका करणारे मॅकेंझी क्रूक यांनी ती लिहिली आणि दिग्दर्शित केली. दोन मित्र धातुशोधक यंत्रे घेऊन शेतांतून फिरतात, जुन्या नाण्यांच्या शोधात. मिळतात बाटल्यांची बुचे आणि डब्यांची टोके. घरचे लोक वैतागलेले, पैसा नाही, आणि तरीही दोघे दुसऱ्या दिवशी पुन्हा शेतात. दप्तरांच्या शोधात गावोगाव फिरलेल्या इतिहासाचार्य राजवाडे यांचा देह १९२६ मध्ये धुळ्यात पडला आणि त्यांनी जमविलेले कागद आजही तेथील संशोधन मंडळात जपलेले आहेत. त्या शहराला ही वेडी माणसे वेडी वाटणार नाहीत.

पाहण्याच्या रीतीबद्दल थोडेसे. जुन्या मालिकांत ऐकू येणारे हसणे पुष्कळदा खरे असते. 'येस मिनिस्टर' किंवा 'फॉल्टी टॉवर्स' प्रत्यक्ष प्रेक्षकांसमोर, नाटकासारख्याच चित्रित होत. इंग्रजी अक्षरओळी लावून पाहण्यात कमीपणा नाही, पहिले दोन-तीन भाग कान सरावेपर्यंत त्या हव्यातच. बीबीसीच्या अधिकृत यूट्यूब वाहिन्यांवर जुन्या मालिकांतील निवडक प्रसंग सापडतात. एखादा प्रसंग आवडला तरच पूर्ण मालिकेच्या मागे लागावे. जुन्या भागांतील काही संवाद आज कानाला बोचतात. 'फॉल्टी टॉवर्स'चा जर्मन पाहुण्यांचा गाजलेला भाग २०२० मध्ये एका ब्रिटिश सेवेने तेवढ्यासाठी काही दिवस काढून घेतला आणि नंतर सूचनेसह परत लावला. क्लीज यांचे म्हणणे असे, की त्या भागात टर उडते ती असले शब्द उच्चारणाऱ्या म्हाताऱ्या मेजरची. ते खरे की नाही, हे भाग पाहून ज्याचे त्याने ठरविता येते. फक्त एकदा, मराठी मालिकेत कोणी अहिराणी बोलला की आपण नेमके कोणाला हसतो, हेही त्याच बैठकीत आठवून पाहावे.